लाइट गेली तरी लाइन चालली पाहिजे

सकाळी ८. पावसाळ्यात पहिलं काम म्हणजे खरखरणारे नंबर वेगळे काढणं. तांब्याच्या केबलच्या जोडात पाणी उतरलं की आवाज फाटतो. असे नंबर असलेले व्यापारी आधी फायबरवर घ्यायचे. बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० ला ७८ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने गेले. गावोगावच्या फायबर जोडणीत आता आमच्यासारखी ठेक्यावरची माणसं बरीच दिसतात.

९.३०. घोटीतली भाताची गिरणी. पूर्वी इथे फोन असला की भागायचं. आता ई-वे बिल, बँक, कॅमेरे सगळं एकाच लाइनवर. खांबावरून तार आत आणणं सोपं, पण कोंड्याची धूळ फार. फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, टोकावर बारीकसा कणही प्रकाश अडवतो. म्हणून फायबरची पेटी यंत्रांपासून लांब, मागच्या ऑफिसात. टोक पुसायचं, सरळ कापायचं, मशीनमध्ये दोन्ही टोकं वितळवून एकजीव करायची. पॉवर मीटरवर उणे वीसच्या आसपास आलं की जीव भांड्यात पडतो. उणे सत्तावीसच्या खाली गेलेली जोडणी आज चालेल, उद्या दगा देईल. तशी सोडून मी उठत नाही.

१२. "दादा, नंबर तोच राहील ना?" गिरणीचे शेठ विचारतात. राहतो. पण दुसरी एक गोष्ट बदलते आणि ती सांगितल्याशिवाय मी निघत नाही. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्ट वीज यायची. गावात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, पेटीला वीज तुमची लागते.

"शेठ, या पेटीला इन्व्हर्टरची लाइन द्या. नाहीतर गाडी भरून उभी राहील आणि बिल निघणार नाही."

वेगाचे आकडे जाहिरातीत असतात. हे मात्र जोडणाऱ्यानेच सांगायला हवं. मेन स्विच पाडून, फोन लावून दाखवतो, तेव्हा कुठे त्यांना पटतं.

३. दवाखाना. घरगुती जोडण्यांत एकाच तंतूचा प्रकाश स्प्लिटरमधून अनेकांना वाटला जातो. इथे स्वतंत्र तंतू हवा, आणि जमलं तर दुसरी केबल वेगळ्या रस्त्याने. दोन्ही एकाच चरात टाकल्या तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात.

६. मीटरचे आकडे, खांब, स्प्लिटरचं पोर्ट वहीत उतरवतो. गिरणीची जुनी तार अजून तोडलेली नाही. नव्या लाइनने दोन-चार मुसळधार रात्री काढल्या की मगच तिला हात लावायचा.