नोंद खरी कशावरून?

मे 2024चा शेवटचा आठवडा. उत्तर भारत आणि विदर्भ भाजून निघत होते. 29 मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी देशभर झाली. भारतातला तापमानाचा विक्रम 51 अंशांचा आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, 19 मे 2016 रोजी नोंदलेला. तो दोन अंशांनी मोडला, तोही देशाच्या राजधानीत! दिल्लीचा धक्का ओसरायच्या आतच नागपुरातून 56 अंशांचा आकडा आला. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतजमिनीवर असलेल्या केंद्राची ती नोंद होती. जगातला आजचा मान्य विक्रमच 56.7 अंशांचा आहे.

दोन्ही आकडे टिकले नाहीत. मुंगेशपूरच्या केंद्रात हवामान खात्याने आपलं प्रमाण उपकरण नेऊन ठेवलं, दोन्हींच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि केंद्राचा सेन्सर जवळपास तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. नागपूरच्या केंद्राबद्दल खात्याने सांगितलं की, तापमान 38 अंशांच्या वर गेलं की तिथला सेन्सर चुकीचे आकडे देतो. वृत्तपत्रांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो. मुंगेशपूरची तीन अंशांची चूक सापडली, कारण तिने विक्रम मोडला. हीच चूक 39 अंशांच्या साध्या दिवशी झाली असती, तर 42 हा आकडा कुणाला खटकला असता? अशक्य आकडा पकडणं सोपं असतं. शक्य वाटणारा चुकीचा आकडा मात्र निमूटपणे नोंदवहीत जाऊन बसतो.

सेन्सर चुकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. अनेक स्वयंचलित केंद्रांत तापमान मोजायला प्लॅटिनमची बारीक तार वापरतात. शून्य अंशाला या तारेचा विद्युत रोध बरोबर 100 ओहम असेल, अशी ती बनवलेली असते. तापमान एका अंशाने वाढलं की रोध साधारण 0.385 ओहमने वाढतो. 44 अंशांना तो 117 ओहमच्या आसपास असतो, 56 अंशांना पावणेएकशेबावीसच्या जवळ. म्हणजे बारा अंशांचा एवढा मोठा फरक उपकरणाच्या लेखी पाच ओहमचाही नाही. आता जोडणीचा एखादा स्क्रू सैल झाला, पावसाळी दमटपणाने टर्मिनलवर गंज चढला किंवा सेन्सरपासून यंत्रापर्यंत आणलेल्या लांब तारेचा स्वतःचा रोध हिशेबात धरायचा राहिला, तर ते जादा ओहम यंत्र तापमान म्हणूनच मोजतं. 0.4 ओहम कुठूनही घुसला की हवा एका अंशाने तापते, अर्थात फक्त कागदावर. म्हणूनच चांगल्या केंद्रात सेन्सरला दोनऐवजी चार तारा जोडतात. दोन तारांतून प्रवाह जातो आणि उरलेल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजलं जातं, त्यामुळे तारांचा रोध उत्तरात मिसळत नाही.

हा सेन्सर तपासण्याची सर्वांत जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडायचा, त्यात थोडं थंड शुद्ध पाणी घालून दाट लगदा करायचा, त्यात सेन्सर बुडवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. शून्य आलं पाहिजे. पण एवढ्यावर भागत नाही. शून्याला अचूक असलेला सेन्सर चाळिशीत भरकटू शकतो. म्हणून प्रयोगशाळेत तापमान नियंत्रित करता येणाऱ्या द्रवात प्रमाण तापमापक आणि तपासायचा सेन्सर शेजारी शेजारी ठेवून, त्या भागात जेवढं तापमान येतं त्या सगळ्या टप्प्यांवर तुलना करावी लागते. विदर्भात वापरायच्या सेन्सरची परीक्षा 48 अंशांपर्यंत झालीच पाहिजे.

आणि सेन्सर निर्दोष असला तरी त्याचं घर सदोष असू शकतं. आपल्याला हवेचं तापमान हवं असतं, उन्हात तापलेल्या धातूचं नव्हे. यासाठी स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात दुहेरी झडपांची पांढरी लाकडी पेटी तयार केली. दीपगृहं बांधणाऱ्या घराण्यातले हे गृहस्थ कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. त्यांची पेटी आजही जगभर वापरात आहे: तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आपल्याकडे दार उत्तरेला, म्हणजे दार उघडल्यावर ऊन थेट आत येणार नाही. स्वयंचलित केंद्रांत लाकडी पेटीऐवजी एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या थाळ्यांचं कवच असतं. त्यावर धूळ बसली, उन्हाने प्लॅस्टिक पिवळं पडलं, फटींत कोळ्यांनी जाळी विणली की हवा खेळायची थांबते. वारा पडलेल्या दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं. केंद्राच्या पायथ्याशी काँक्रीट ओतलं किंवा शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली, तर सेन्सर अगदी प्रामाणिकपणे त्या शेडच्या झळा मोजत राहतो.

उपकरण ठीक, जागा ठीक, तरी वाचणारा चुकला तर? याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिबियातलं आहे. त्रिपोलीच्या दक्षिणेला एल अझिझिया नावाचं गाव आहे. तिथे 13 सप्टेंबर 1922 रोजी 58 अंश तापमान नोंदलं गेलं आणि पुढची नव्वद वर्षं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते पृथ्वीवरचं सर्वोच्च तापमान म्हणून छापलं गेलं. शंका अनेकांना होती, पुरावा नव्हता. जागतिक हवामान संघटनेने समिती नेमली, तेव्हा लिबियाच्या हवामान खात्यातले खालिद एल फादली यांनी मूळ नोंदवहीचं पान मिळवून दिलं. त्यानंतर 2011 साली लिबियात क्रांती पेटली आणि कित्येक महिने एल फादलींचा कुणाशीच संपर्क नव्हता. ते सुखरूप परत आले आणि काम पुढे गेलं.

त्या पानाने बरंच काही सांगितलं. 11 सप्टेंबरपासून अक्षर बदललेलं होतं, म्हणजे नोंदी घेणारा माणूस नवा होता. त्याने आकडे चुकीच्या रकान्यांत भरले होते. नेहमीचं उपकरण बिघडल्यामुळे त्या काळातही जुन्या पद्धतीचा मानला जाणारा, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा तापमापक तिथे वापरात होता. त्यात पारा एका छोट्या दर्शक कांडीला वर ढकलतो आणि पारा उतरला तरी कांडी तिथेच राहते. कांडीचं पाऱ्याकडचं टोक वाचायचं असतं. नवख्या माणसाने बहुधा वरचं टोक वाचलं. कांडीची लांबी मोजपट्टीवर सुमारे सात अंश भरत होती. शेजारच्या केंद्रांच्या त्या दिवसाच्या नोंदींशीही 58 चा मेळ बसत नव्हता. 13 सप्टेंबर 2012 रोजी, बरोबर नव्वद वर्षांनी, तो विक्रम रद्द झाला आणि मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या 10 जुलै 1913च्या 56.7 अंशांकडे गेला. त्या नोंदीवरही काही अभ्यासकांचे आक्षेप आहेतच.

ही चौकशी नव्वद वर्षांनी होऊ शकली, कारण मूळ पान जपून ठेवलेलं होतं आणि त्यावर कुणी खाडाखोड केलेली नव्हती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आज तपासणीचं पहिलं काम संगणक करतो. आकडा त्या जागी त्या ऋतूत शक्य आहे का, दहा-पंधरा मिनिटांत तो अचाट उडी मारतो आहे का, तासन्‌तास एकाच जागी गोठून बसला आहे का, शेजारच्या केंद्रांशी जुळतो का, हे तो क्षणात पाहतो. हे सगळं आवश्यक आहे. पण न जुळणारा आकडा वगळून टाकायची सवय लागली, तर एखाद्या दिवशी खरा आकडाच हातचा जाईल.

मुंबईचा 26 जुलै 2005 आठवून पाहा. 27 जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944.2 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, त्याच काळात कुलाब्याची नोंद होती 73.4. शेजारचं केंद्र हाच एकमेव निकष लावला असता, तर सांताक्रूझचं उपकरण बिघडलं असंच कुणीही म्हटलं असतं. पण विहार तलावाजवळच्या पर्जन्यमापकात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जमला होता, मिठी नदी काठ सोडून वाहत होती आणि माणसं छपरांवर बसली होती. पाऊस तापमानासारखा एकसारखा पसरत नाही, एका उपनगरात कोसळतो आणि दुसऱ्यात भुरभुरतो. म्हणून संशयास्पद आकड्यावर खूण करावी, तो खोडू नये, हा नियम पाळायलाच हवा. निकाल माणसाने द्यावा, जागेवर जाऊन आणि दुसरा पुरावा पाहून.

महाराष्ट्रात पावसाच्या मोजणीला आणखी एक धार आहे. महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. एखाद्या मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईचं गाडं त्या आकड्यावर हलतं. फळपीक विम्यात आंबा, केळी, डाळिंब यांच्यासाठी पाऊस आणि तापमानाचे निकष ठरलेले असतात, ते पूर्ण झाले की नाही हे मंडळातलं केंद्र सांगतं. बागायतदाराच्या बागेत काय घडलं यापेक्षा केंद्राने काय नोंदवलं याला वजन येतं. अशा ठिकाणी उपकरणाची तपासणी हा शेतकऱ्याच्या हक्काचा प्रश्न होतो.

स्वयंचलित पर्जन्यमापकाची रचना साधी आहे. वर नरसाळं, खाली सी-सॉसारख्या हलणाऱ्या दोन छोट्या वाट्या. एक वाटी भरली की कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी भरू लागते. प्रत्येक कलंडणं म्हणजे ठरावीक पाऊस, समजा अर्धा मिलिमीटर. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिलिलिटर पाणी. यातच तपासणीची रीत आली. मोजून एक लिटर पाणी घ्यायचं, बारीक धारेने अर्ध्या-पाऊण तासात नरसाळ्यात सोडायचं, आणि वाटी शंभर वेळा कलंडते का ते मोजायचं. नव्वदच वेळा कलंडली तर दहा टक्के पाऊस हरवतो आहे. पाणी घाईने ओतून चालत नाही. वाटी कलंडत असताना येणारं पाणी मोजलं जात नाही, त्यामुळे धार जितकी जोराची तितकी नोंद कमी. खऱ्या पावसातही हेच होतं. घाटमाथ्यावरच्या धो धो सरीत यंत्र मागे पडतं, आणि त्यासाठी वेगवेगळ्या वेगांना तपासून दुरुस्तीचं कोष्टक तयार करावं लागतं. शिवाय नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, पक्षी घाण करतात, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. मग मुसळधार पाऊस हा दोन तास चालणारी रिमझिम म्हणून नोंदला जातो. पाच टक्के कमी दाखवणाऱ्या यंत्राखाली 68 मिलिमीटर पाऊस पडला, तर नोंद होईल 64.6. अतिवृष्टी झाली, पण कागदावर नाही.

काही दोष मात्र घरबसल्या, नुसत्या आलेखावरून ओळखता येतात. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला, आणि दोनदा उतरतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला. हा चढउतार दोन-चार हेक्टोपास्कलचाच, पण मोठं वादळ जवळ नसेल तर रोज ठरलेला. महाराष्ट्रातल्या एखाद्या केंद्राच्या दाबाच्या आलेखात ही दुहेरी लाट दिसत नसेल, तर आकडे कितीही योग्य वाटोत, सेन्सर आजारी आहे असं समजावं. लाट नीट आहे, पण आलेख शेजाऱ्यांपेक्षा सतत एका हेक्टोपास्कलने वर किंवा खाली आहे, तर आधी केंद्राची समुद्रसपाटीपासूनची नोंदलेली उंची तपासावी. जमिनीजवळ साधारण आठ मीटर उंचीला एक हेक्टोपास्कल दाब कमी होतो. आर्द्रतेच्या सेन्सरची परीक्षा तर मिठाने होते: बंद डब्यात मिठाचं ओलसर, दाट मिश्रण ठेवलं की त्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता 25 अंशांना 75 टक्क्यांवर येऊन थांबते. कोकणात पावसाळाभर शंभरीजवळ भिजलेला सेन्सर या डब्यात 82 दाखवू लागला, तर तो बदलायची वेळ झाली.

यातल्या कशालाही महागडी यंत्रणा लागत नाही. लागते ती ठरलेल्या दिवशी केंद्रावर जाणारी, कवच पुसणारी, नरसाळं साफ करणारी आणि तारखेसह नोंद ठेवणारी माणसं. पुण्याच्या शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय 1928 साली सिमल्याहून आलं, तेव्हापासून हे शहर भारतीय हवामान उपकरणांचं माहेर आहे. प्रमाण उपकरणं आणि ती हाताळणारे जाणकार आपल्याकडे आहेत. माझी मागणी एवढीच आहे की मंडळातल्या पावसाचा आकडा जिथे जाहीर होतो, तिथेच त्याच्याखाली त्या केंद्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, त्यात किती चूक निघाली आणि तेव्हा केंद्राभोवतीची जागा कशी दिसत होती याचा फोटो, हेही जाहीर व्हावं. प्रत्येक तालुक्यात निदान एका स्वयंचलित पर्जन्यमापकाशेजारी साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक असावा आणि रोज सकाळी साडेआठला दोन्हींचे आकडे एकाच वहीत लिहिले जावेत. फरक पडला तर पावसाळा संपायच्या आत कळेल, आणि दाव्याची मुदत उलटायच्या आतही.