प्रकाशाने घडणारी, पाण्याने उमटणारी अक्षरे

लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि पाट्या यांवरील छपाईसाठी स्क्रीन प्रिंटिंगचे तंत्र सर्वत्र रूढ आहे. या छपाईच्या जाळीवर अक्षरे उमटविण्यासाठी प्रकाश आणि साधे पाणी पुरेसे होते. लहान व्यावसायिकाला हे तंत्र परवडते, ते यामुळेच.

चौकटीवर ताणलेल्या जाळीला पॉलिव्हिनिल अल्कोहोलसारख्या, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा लेप देतात. त्यात अमोनियम डायक्रोमेट मिसळलेले असते. मंद पिवळ्या प्रकाशात लेप वाळल्यावर त्यावर काळ्या मजकुराची पारदर्शक फिल्म दाबून ठेवतात व प्रखर प्रकाश सोडतात. प्रकाश पोहोचतो तेथे लेप कडक होतो. काळ्या अक्षरांखालील लेप मात्र विद्राव्यच राहतो. पाण्याने धुतल्यावर तो वाहून जातो आणि मोकळ्या झालेल्या जागांतून शाई कागदावर उतरते.

डायक्रोमेट लावलेला कागद प्रकाशाने बदलतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखविले. डायक्रोमेटयुक्त जिलेटिन प्रकाशाने अविद्राव्य होते, हा गुणधर्म इंग्लंडच्या टॅल्बट यांनी १८५२ मध्ये छपाईसाठी उपयोगात आणला. प्रकाशामुळे षट्-संयुजी क्रोमियमचे त्रि-संयुजी क्रोमियम बनते व ते लेपातील लांब रेणूंना एकमेकांशी जखडून टाकते. अंधारातही ही क्रिया मंदपणे चालू राहते. म्हणून लेप दिलेली जाळी फार काळ ठेवता येत नाही.

मात्र लेप धुणारे पाणी न बदललेले षट्-संयुजी क्रोमियमही सोबत नेते. या क्रोमियममुळे त्वचेवर व्रण पडतात. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवी कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत होणाऱ्या द्रव्यांत केली. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. यावरून असे धुवण उघड्या गटारात सोडण्यातील धोका ध्यानात यावा.

यावर उपाय उपलब्ध आहे. डायझो संवेदक किंवा तयार फोटोपॉलिमर लेप यांत क्रोमियम नसते आणि त्यांची अक्षरेही पाण्यानेच उमटतात. जेथे डायक्रोमेट अद्याप वापरात आहे, तेथे कारागिरांनी रबरी हातमोजे वापरावेत, त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाऊ देऊ नये आणि धुवण वेगळे साठवून योग्य प्रक्रियेसाठी पाठवावे. तंत्राची सुलभता कायम राखून कारागिराचे आरोग्य व परिसरातील विहिरींचे पाणी सुरक्षित ठेवणे सहजसाध्य आहे.