आठ प्लग आणि घरचा पाना

परदेशीं मुलाबाळांकडे राहून आलेल्या वडील मंडळींच्या बोलण्यांत एक नवल हटकून येतें. तेथें चांगला शिकलासवरला, मोठ्या हुद्द्यावरचा गृहस्थ सुटीच्या दिवशीं जुने कपडे अंगांत घालून आपल्या गाडीचें बॉनेट उघडतो, हात काळे करून घेतो, आणि त्यांत त्याला किंवा त्याच्या शेजाऱ्याला कांहींच वावगें वाटत नाहीं. आपल्या घरांत मात्र पाना धरणें हें मिस्त्र्याचें काम व लेखणी धरणें हें आपलें, अशी वांटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ह्या वांटणीचें गुणदोष-विवेचन करीत बसण्यापेक्षां एक साधेंसें कामच आम्ही वाचकांपुढें ठेवतों. तें काम म्हणजे अमेरिकेंतील पिकअप ट्रकाचे स्पार्क प्लग घरच्या घरीं बदलणें.

पिकअप ट्रक म्हणजे पुढें माणसांची बैठक व मागें उघडा हौदा असलेली गाडी. फोर्डच्या कारखान्यानें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' गाडीला असा हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. तेव्हां ती शेतकऱ्याची गाडी होती. पुढें ती घरची झाली. फोर्डची एफ-१५० ही गाडी १९७५ सालापासून तेथील रस्त्यांवर आहे, आणि आपल्याकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या अंगणांतही ती अधूनमधून दिसते.

पेट्रोलच्या इंजिनांत पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें आणि नेमक्या क्षणीं त्यांत विजेची ठिणगी पडून तें पेटतें. ठिणगी पाडणारी ती लहानशी वस्तु म्हणजे स्पार्क प्लग. पॅरिसमध्यें एत्येन लेन्वार ह्यानें १८६० सालच्या आपल्या गॅस-इंजिनांत विजेच्या ठिणगीचा उपयोग केला होता. परंतु मोटारीला भरंवशाची ठिणगी मिळाली ती १९०२ च्या सुमारास, रॉबर्ट बॉश ह्यांच्या जर्मनींतील कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड ह्यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला तेव्हां. प्लगची रचना पाहूं गेल्यास सोपी आहे. मधोमध धातूची शलाका, तिच्याभोवतीं चिनी मातीसारखें दिसणारें पांढरें वेष्टन, बाहेरून आटे पाडलेलें पोलादी कवच, आणि टोकाशीं सुमारें एक मिलिमीटरची फट. हजारों व्होल्टांची वीज ही फट ओलांडते तीच ठिणगी.

एवढ्याशा वस्तूवर केवढा भार पडतो तो पाहा. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला त्या मिनिटांत १००० ठिणग्या टाकाव्या लागतात. त्याच वेळीं गाडी ताशीं ६० मैल धांवत असेल, तर मैलामागें १००० ठिणग्या झाल्या. म्हणजे १ लाख मैलांत १० कोटी! टोकाला प्लॅटिनम अथवा इरिडियम ह्यांसारखे चिवट धातु लावलेले असतात म्हणूनच प्लग इतका काळ टिकतो. तरीही फट हळूहळू रुंदावते, ठिणगी चुकूं लागते, उभी गाडी थरथरते व पेट्रोल अधिक लागतें. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवितें व बिघडवितें. हा भाग फार महाग असतो. तेव्हां वेळच्या वेळीं प्लग बदलणें ही चैन नव्हे, काटकसर आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. २००४ सालच्या नव्या एफ-१५० मध्यें 'ट्रायटन' नांवाचें ५.४ लिटरचें, आठ सिलिंडरांचें व प्रत्येक सिलिंडरास तीन झडपांचें इंजिन आलें. झडपांच्या दाटींत प्लगला जागा उरली ती खोल व अरुंद. म्हणून प्लग लांब, सडपातळ आणि दोन तुकडे जोडून केलेला. त्याचे आटे वरच्या भागास. आट्यांखालीं एक लांब नळी हेडाच्या छिद्रांत उतरलेली. नळी व छिद्र ह्यांमधल्या बारीक जागेंत वर्षानुवर्षें काजळी सांठते व दगडासारखी घट्ट होते. मग प्लग जोरानें पिळला, कीं वरचा भाग हातांत येतो आणि नळी आंतच राहते. २००७ च्या अखेरीस कारखान्यानें ही रचना बदलली. परंतु त्याआधींच्या कित्येक गाड्या अजूनही चालत आहेत, आणि अशी जुनी गाडी स्वस्तांत विकत घेणाऱ्या नव्या बिऱ्हाडाला हें ठाऊक असणें अत्यंत अगत्याचें आहे. तुकडा निघाला नाहीं, तर प्रसंगीं सबंध हेड उतरवावें लागतें, आणि आठ प्लगांच्या किमतीच्या कैक पटींनीं पैसे मोजावे लागतात.

ह्यावर फोर्डनें आपल्या दुरुस्तीगृहांसाठीं २००८ सालीं पत्रक काढून जी रीत सांगितली, तिचा मथितार्थ असा. इंजिन पूर्ण थंड असावें. रात्रभर गाडी उभी असेल तर फारच उत्तम. हेड ॲल्युमिनियमचें असतें, व गरम असतांना प्लग काढल्यास आटे जाण्याचें भय असतें. प्रथम वाऱ्याच्या झोतानें प्लगभोवतींची धूळ व खडे उडवून टाकावे, कारण तेथून पडलेला खडा थेट सिलिंडरांत जातो. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉइल असते, ती वायर सोडवून अलगद उचलावी. मग प्लग पूर्ण न काढतां फेऱ्याचा अष्टमांश ते चतुर्थांश इतकाच सैल करावा, आणि खोबणींत कार्ब्युरेटर साफ करण्याचें द्रावण घालून निदान १५ मिनिटें तसेंच राहूं द्यावें. द्रावण खालीं झिरपून काजळी मऊ करतें. पुढें प्लग थोडा घट्ट, थोडा सैल, असा मागेंपुढें फिरवीत हळूहळू वर आणावा. करकर आवाज आला किंवा हाताला अडथळा लागला, तर थांबावें, पुन्हां द्रावण घालावें व वाट पाहावी. येथें बळाचें काम नाहीं, धीराचें आहे.

नवा प्लग बसवितांना त्याच्या खालच्या नळीला निकेलयुक्त वंगणाचा पातळ हात द्यावा. आट्यांना मात्र तें लावूं नये. पहिले फेरे पान्यानें न देतां नुसत्या बोटांनीं द्यावे, म्हणजे आटे तिरपे लागत असल्यास लगेच समजतें. शेवटीं जोर मोजणाऱ्या पान्यानें, ज्यास टॉर्क रेंच म्हणतात, २५ फूट-पौंड म्हणजे सुमारें ३४ न्यूटन-मीटर इतकाच ताण द्यावा. एवढें करूनही नळी तुटलीच, तर ती ओढून काढण्याचीं खास हत्यारें मिळतात; पण येथें नवख्यानें आपला हात आवरून जाणत्या कारागिरास बोलवावें हेंच शहाणपण. जुन्या प्लगांऐवजीं एकसंध बनावटीचे प्लगही ह्या इंजिनासाठीं मिळतात, आणि ते बसविले म्हणजे पुढच्या वेळची धास्ती पुष्कळ कमी होते.

काढलेले प्लग लगेच फेंकून देऊं नयेत. कागदावर १ ते ८ असे आंकडे घालून ते क्रमानें मांडावे. वैद्य जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, तसें प्लगच्या टोकावरून इंजिनाचें पोट कळतें. टोक फिकट तपकिरी किंवा करडें असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. ओला तेलकट थर असेल तर तेल आंत झिरपत आहे. आणि पांढरें पडून फोड आलेले असतील तर इंजिन वाजवीपेक्षां अधिक तापत आहे. आठांपैकीं एकच निराळा दिसला, तर दोष त्या एका सिलिंडराचा समजावा.

आपल्या इकडील बहुतेक पिकअप गाड्या डिझेलवर चालतात, व डिझेलच्या इंजिनांत स्पार्क प्लग नसतोच. तेथें दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. तथापि प्लग आपल्या घरांस अनोळखी आहे असें मात्र नाहीं. दोन धावांच्या जुन्या स्कूटरी घरोघरीं होत्या, त्या काळीं सकाळीं ऑफिसच्या घाईंत प्लग काढून पॉलिशपेपरनें घासणें हें कित्येक कारकून व प्राध्यापक ह्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. तेवढ्यानें कोणाच्या विद्वत्तेस उणेपणा आल्याचें ऐकिवांत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. गाडी कोणत्याही देशांतली असो, तिची माहितीपुस्तिका आधीं वाचावी, हत्यारें नीट जमवावीं, आणि काम एकट्यानें न करतां घरच्या मंडळींस जवळ बसवून करावें. एकानें पाना चालवावा, दुसऱ्यानें वेळ मोजावा, मुलांनीं आंकडे घालावे. मुलगी अगर सून पुढें आली तर पाना तिच्या हातीं आनंदानें द्यावा. अशा कामांत दोन पैसे वांचतात हा लाभ आहेच. परंतु नेट कोठें लावावयाचा व कोठें थांबावयाचें, हें हातांना कळूं लागतें, तो लाभ आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. तो पुस्तकांतून मिळत नाहीं, आणि म्हणूनच पुस्तकांनीं भरलेल्या घरांस त्याची अधिक गरज आहे.