लॉगिनची मुदत का संपते?

सन २०१५ मध्ये महाराष्ट्रात ‘सरल’ प्रणाली सुरू झाल्यापासून कागदी पटाबरोबर संगणकावरील पट राखणे हेही शाळेचे नित्यकर्तव्य झाले आहे. शिक्षकांची पदे ठरविणाऱ्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या प्रमाण मानली जाते. त्या दिवसापर्यंत ज्या बालकाची नोंद राहून गेली, ते वर्गात रोज येत असले तरी गणतीत येत नाही. म्हणूनच तासभर खपून भरलेली माहिती जतन होण्यापूर्वी ‘मुदत संपली, पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश आला की शिक्षकाचा जीव मेटाकुटीस येतो. हा अडथळा वरवर एकच वाटतो. पण त्याची कारणे चार प्रकारची असतात आणि प्रत्येकावरील उपाय निराळा आहे.

प्रथम मूळ व्यवस्था समजून घ्यावी. संकेतस्थळ ज्या नियमांनी चालते, त्यांत स्मरणशक्ती नाही. प्रत्येक विनंती त्याला नवख्या माणसाची वाटते. म्हणून लॉगिन होताच सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक चिठ्ठी देतो. हिलाच ‘कुकी’ म्हणतात. सन १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ही युक्ती काढली. कचेरीच्या देवडीवर मिळालेली चिठ्ठी जशी आत प्रत्येक टेबलावर दाखवावी लागते, तशी ही चिठ्ठी प्रत्येक विनंतीबरोबर जाते. चिठ्ठी मुदतीची असते, कारण शिक्षक यंत्र उघडे टाकून उठून गेल्यास त्याच्या नावावर दुसऱ्याने नोंदी करू नयेत.

पहिले कारण म्हणजे स्तब्धता. अर्ज भरताना अक्षरे टंकली जातात, तरी ‘जतन करा’ दाबेपर्यंत सर्व्हरला बहुधा काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने शिक्षक निजलेला असतो. पीएचपी या प्रचलित संगणकभाषेत ही मूळ मर्यादा १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे. प्रत्येक प्रणालीचा चालक ती कमीअधिक करू शकतो. म्हणून माहिती आधी कागदावर तयार ठेवावी आणि प्रत्येक विद्यार्थ्यानंतर जतन करावे.

दुसरे कारण सर्व्हरवरील गर्दी. ‘५०४’ हा क्रमांक दिसल्यास मधल्या सर्व्हरला मागील सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळाले नाही असे समजावे. ‘५०३’ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. यात शिक्षकाचा दोष नसतो. बटण पुनःपुन्हा दाबल्याने गर्दी वाढते आणि एकच नोंद दोनदा होण्याचा संभव असतो. थोडे थांबून आधीची नोंद झाली की नाही ते पाहावे, मगच पुढे जावे. मात्र एखादे साधे संकेतस्थळही उघडत नसेल तर दोष आपल्या जोडणीचा समजावा.

तिसरे कारण यंत्राचे घड्याळ. संगणकातील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली की तारीख मागील एखाद्या वर्षावर जाते. मग संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अमान्य वाटते. घड्याळ पुढे असेल, तर नुकतीच मिळालेली चिठ्ठीही शिळी ठरू शकते. तारीख, वेळ व भारतीय प्रमाणवेळ आधी तपासावी. बॅटरी बदलण्यास खर्च अल्प येतो.

चौथे कारण चिठ्ठी व पत्ता यांचा बेबनाव. विद्यार्थी, शाळा, कर्मचारी अशी अनेक दालने एका छत्राखाली असली, तरी एका दालनाची चिठ्ठी दुसऱ्यात चालेलच असे नाही. जेथे केंद्राने स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेसद्वारे अनेक शाळांची संकेतस्थळे एकत्र चालविली असतील, तेथेही हेच घडते. ही बहुस्थळ सोय वर्डप्रेसमध्ये २०१० पासून अंगभूत आहे. तिच्यात लॉगिन साधारणपणे २ दिवस, व ‘लक्षात ठेवा’ निवडल्यास १४ दिवस टिकते. ते लगेच तुटत असेल, तर प्रत्येक स्थळाचा नोंदलेला पत्ता व चिठ्ठीवरील पत्ता जुळतात का, हे चालकाने पाहावे. शिक्षकाने त्या स्थळाच्या जुन्या कुकी पुसून ब्राउझर पुन्हा उघडावा.

चुकीचे नाव किंवा पासवर्ड हा याहून वेगळा दोष होय. नागपूर जिल्ह्यातील शाळांचा ११ अंकी यूडायस क्रमांक २७०९ ने सुरू होतो. त्यातील २७ हा राज्याचा व ०९ हा जिल्ह्याचा अंक. तो क्रमांक प्रथम ताडून पाहावा.

अडचण न सुटल्यास संदेशाचे शब्द, क्रमांक, तारीख व वेळ लिहून पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राकडे कळवावे. ‘चालत नाही’ एवढ्यावरून कोणासही दोष शोधता येत नाही. त्रासाला कंटाळून पासवर्ड भिंतीवर लिहिणे किंवा बाहेरील दुकानदाराच्या स्वाधीन करणे मात्र सर्वथा टाळावे. त्या चार-आठ अक्षरांच्या आड गावातील प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख व आधार क्रमांक असतो. त्यांचे रक्षण हीही शाळेचीच जबाबदारी आहे.