अंगणात रात्रभर बल्ब, तरी घरफोडी. वस्तीवरच्या घराला लाईट नेमकी कुठं आणि कशी लावावी?

उन्हाळा लागला की गावाकडे दोन गोष्टी हमखास होतात. माणसं गच्चीवर नाहीतर अंगणात झोपायला जातात आणि लग्नसराईमुळे घरांना कुलपं लागतात. चोरटे याच दिवसांची वाट बघतात. वर सगळे गाढ झोपलेले, खाली कपाट फोडलेलं आणि शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातलेल्या, अशा बातम्या दरवर्षी येतात. बऱ्याचदा त्या घराच्या दारावर बल्ब चालूच असतो. मग उजेड असून चोरी होते कशी?

नुसत्या उजेडाला चोर भीत नाही. उजेडात कुणी आपल्याला बघेल, याला तो भितो. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथं रस्त्यावरचे दिवे कमी किंवा बंद केले, तरी गुन्हे वाढल्याचं आढळलं नाही. गावठाणात गल्लीतलं कुणीतरी जागं असतं, म्हणून बल्बचा उपयोग होतो. अर्धा किलोमीटरवर एकटी वस्ती असेल तर बघणारंच कुणी नसतं. तिथं रात्रभर जळणारा बल्ब चोरालाच कुलूप, कडी आणि दारात गाडी आहे की नाही हे दाखवतो.

दारावर उजेड, मागे अंधार

बहुतेक घरांना एकच बल्ब असतो, तोही पुढच्या दारावर. चोर मात्र न्हाणीघराच्या, गोठ्याच्या नाहीतर कडब्याच्या गंजीच्या बाजूनं येतो. ऊस किंवा मका भिंतीला लागून असेल तर त्याला आयताच आडोसा मिळतो. शिवाय डोळ्यांवर प्रखर उजेड असला की दारात उभ्या माणसाला पलीकडच्या अंधारातलं काहीच दिसत नाही.

त्यासाठी आधी एक काम करावं. रात्री सोबत कुणाला घेऊन, हातात बॅटरी घेऊन घराभोवती फेरी मारावी आणि शेताच्या बाजूनं घराकडे बघावं. माणूस लपू शकेल अशी जागा दिसली, की दिवा तिथं लागला पाहिजे. एका मोठ्या हॅलोजनपेक्षा समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन छोटे एलईडी बरे. उंची ८ ते १० फूट, म्हणजे हात पुरत नाही. तोंड खाली असावं, म्हणजे शेजाऱ्याच्या आणि रस्त्यावरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. कॅमेरा असेल तर दिवा त्याच्या तोंडावर येऊ देऊ नये, चित्र पांढरं पडतं.

सेन्सरचा दिवा का बरा?

माणूस जवळ आला की आपोआप लागणारे दिवे आता तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानांत मिळतात. त्यातला पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल पकडतो. अंधारात अचानक दिवा लागला की चोर दचकतो आणि घरातल्याचंही लक्ष जातं. रात्रभर जळणाऱ्या बल्बकडे कुणी वळूनही बघत नाही.

सेन्सरसमोरून आडवा जाणारा माणूस लवकर पकडला जातो, सरळ अंगावर येणारा उशिरा. त्यामुळे पायवाट सेन्सरला आडवी येईल असा दिवा बसवावा. कुत्री-मांजरं आणि वाऱ्यानं हलणारी झाडं यामुळेही दिवा लागतो. सारखा लागायला लागला की घरातले लक्ष देणं सोडतात, म्हणून समोरच्या फांद्या छाटाव्यात. कडक उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सरचा पल्ला कमी होतो.

लाईट गेली तर?

शेतीची थ्री फेज रात्रपाळीला असली की घरचा कर्ता माणूस पाणी द्यायला शेतात असतो आणि घरी बायका-पोरं. त्यात वस्तीची सिंगल फेज गेली की सगळे बल्ब बंद. म्हणून निदान एक दिवा सोलरचा असावा, तोही मागच्या बाजूला. पॅनेल झाडाच्या सावलीत नको, दक्षिणेकडे तोंड करून बसवावं आणि आठवड्याला फडक्यानं पुसावं. धुळीनं बॅटरी भरत नाही आणि दिवा मध्यरात्रीच मान टाकतो. पावसाळ्यात ढगाळ दिवस सलग आले तर त्याच्यावर विसंबू नये.

घर बंद करून जाताना

लग्नाला जाताना बल्ब चालू ठेवून जायची सवय मोडावी. भरदिवसा जळणारा बल्ब म्हणजे घरात कुणी नाही याची पाटीच. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा बल्ब लावावा. शक्य असेल तर शेजारच्यांना संध्याकाळी आतली लाईट लावायला सांगावं. लग्नाचे फोटो स्टेटसला परत आल्यावर टाकले तरी चालतात. दागिने घरात ठेवण्यापेक्षा बँकेत ठेवावेत.

बिल किती येईल?

९ वॅटचा एलईडी रोज १२ तास जळाला तर महिन्याला साधारण सव्वातीन युनिट होतात. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात ३६ युनिट खातो. १० वॅटचा सेन्सर दिवा रात्रीतून अर्धा तास जळाला तर त्याचं महिन्याचं पाव युनिटही होत नाही.

कुंपणात करंट सोडू नका

चोरीच्या भीतीनं काही जण तारेच्या कुंपणात किंवा पत्र्यात करंट सोडतात. यात चोराआधी घरचं पोर, जनावर नाहीतर शेजारी मरतो आणि गुन्हा घरमालकावर दाखल होतो. बाहेरच्या दिव्याची वायरही पाईपातूनच घ्यावी, कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळू नये.

चाहूल लागली तर

बाहेरचे सगळे दिवे एकाच बटणावर घेऊन ते बटण अंथरुणाजवळ ठेवावं. गच्चीवर झोपत असाल तर एक बटण गच्चीवर घ्यावं. खुडबुड ऐकू आली की दार उघडून एकट्यानं बाहेर पळू नये. आधी दिवे लावावेत, मोठ्यानं हाक मारावी, शेजाऱ्याला आणि ११२ नंबरला फोन करावा. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर तिचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा, कारण त्या एका फोनवर आजूबाजूच्या सगळ्यांना निरोप जातो.

चोरी झालीच तर पोलीस येईपर्यंत कुलूप, कपाट हाताळू नये, ठसे पुसले जातात. रक्कम थोडी म्हणून तक्रार टाळूही नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ प्रमाणे चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत आणि सूर्यास्तानंतर केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.