विमानतळ हलला म्हणजे जागा मोकळी झाली का?



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी प्रस्तावाचा दोन पानी मसुदा घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. माझा संशोधन प्रश्न होता: 'पुरंदरला नवा विमानतळ झाल्यावर लोहगावच्या मोकळ्या जागेचं काय करावं?' सरांनी एवढंच विचारलं, "जागा मोकळी होणार, हे तुला कोणी सांगितलं?" मसुदा तिथेच संपला! तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून बंद विमानतळांच्या पुनर्वापराचा अभ्यास करताना आधी विचारायचे तीन प्रश्न सांगते.

१. जागा कोणाची? लोहगावचा तळ आणि धावपट्टी हवाई दलाची आहे. प्रवासी विमानं तीच धावपट्टी वापरतात. ती उद्या पुरंदरला गेली, तरी तेवढ्यानं हवाई दलाचा तळ हलत नाही. मोकळं झालंच तर टर्मिनल आणि वाहनतळ. मुंबईत जुहूचंही बघा. १९३२ साली जेआरडी टाटा टपालाचं विमान घेऊन कराचीहून तिथेच उतरले होते. पुढे प्रवासी विमानं सांताक्रूझला गेली, पण जुहू बंद झालं नाही. आजही तिथून हेलिकॉप्टर उडतात.

२. जमिनीखाली आणि आजूबाजूला काय आहे? हाँगकाँगचा काई टाक विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला. त्याची धावपट्टी समुद्रात भराव टाकून केलेली. तिच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या चिंचोळ्या पाण्याला प्रवाहच नव्हता, त्यामुळे तिथे दूषित गाळ साचून दुर्गंधी येई. आधी त्या गाळावर प्रक्रिया करावी लागली. धावपट्टीच्या टोकाला क्रूझ टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडलं. म्हणजे नकाशावर सपाट दिसणारी जागा वापरायला तयार असतेच असं नाही.

३. ठरवणार कोण? बर्लिनचा टेम्पलहोफ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून लोकांना खुला झाला. धावपट्ट्यांवर सायकली फिरू लागल्या, गवतात चंडोल घरटी करत राहिले. कडेनं इमारती बांधायचा सरकारी आराखडा आला, तेव्हा २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी सुमारे ३०० हेक्टरचं ते मैदान मोकळंच ठेवायचा कौल दिला. 'काही न बांधणं' हाही पुनर्वापरच, हे मी तिथून शिकले.

आता माझा प्रश्न असा झाला: 'लोहगावहून प्रवासी वाहतूक हलली, तर टर्मिनल परिसरातल्या डांबर-काँक्रीटपैकी किती भागात पुन्हा पावसाचं पाणी मुरवता येईल?' फरक कळला ना? हा प्रश्न मोजता येतो. उपग्रहचित्रांवरून झाकलेली जमीन काढता येते. जमिनीत पाणी किती वेगानं मुरतं, हे दोन कड्यांच्या इन्फिल्ट्रोमीटरनं तपासता येतं. फक्त एक लक्षात ठेवा: संरक्षण खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय ना मोजमाप, ना फोटो. परवानगी मिळायला वेळ लागेल हे धरूनच वेळापत्रक आखा. तीही मिळाली नाही, तर हद्दीबाहेर तशीच माती असलेली जागा निवडा आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा.

तुमचा विषय विमानतळ नसेलही. बंद गिरणी असेल, जुनी खाण असेल. प्रस्ताव पुन्हा उघडा आणि त्यातलं 'मोकळी जागा' हे गृहीतक आहे की तपासलेली गोष्ट, तेवढं आज बघून घ्या.