मधल्या हवेतला सूर

सरावाच्या खोलीत रोलँडचा ‘जॅझ कोरस 120’ दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. सुमारे 28 किलोचा अ‍ॅम्प, खाली चाकं, जाळीमागे 12 इंची दोन स्पीकर. गिटारवाले त्याला नुसतं ‘जेसी’ म्हणतात. इकुतारो काकेहाशी यांनी 1972 साली ओसाकात रोलँड कंपनी काढली आणि तीनच वर्षांत हा अ‍ॅम्प बाजारात आणला. चांगला अ‍ॅम्प म्हणजे व्हॉल्व्हचा, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. याच्यात एकही व्हॉल्व्ह नाही, तरी आवाज कितीही चढवा, तो फाटत नाही. ‘द स्मिथ्स’च्या जॉनी मारने तो वापरला. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डनेही, एवढा दणका उडवणाऱ्या बँडमध्ये, संथ आणि स्वच्छ भागांसाठी हाच धरला.

माझं मन मात्र त्याच्या आतल्या बांधणीत अडकलंय. 120 वॅट म्हणजे इथे 60-60 वॅटचे दोन वेगळे पॉवर अ‍ॅम्प, प्रत्येकाचा आपापला स्पीकर. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून गिटार जशीच्या तशी येते. दुसरीकडचा आवाज काही मिलिसेकंद मागून येतो, आणि तो उशीर सतत कमीजास्त होत असल्यामुळे स्वर किंचित वरखाली झुलतो. हे काम करणाऱ्या चिपचं नाव बकेट ब्रिगेड. आग विझवायला रांगेत उभी राहिलेली माणसं जशी पाण्याची बादली हातोहात पुढे देतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकत जातो. रांगेचा वेग बदलला की उशीर बदलतो. हे दोन आवाज तारेत कुठेच मिसळत नाहीत, मिसळतात ते खोलीतल्या हवेत. गवयामागे दोन तानपुरे एकाच सुरात लावलेले असतात, पण त्यांच्यातल्या केसाएवढ्या फरकामुळेच बैठक भरून जाते. तसंच हे.

1976 साली हेच सर्किट पेटीतून काढून ‘बॉस सीई-1’ या पेडलमध्ये घातलं गेलं आणि कोरस जगभर पोचला.

जेसीच्या नंतरच्या मॉडेलांना मागच्या बाजूला डावा आणि उजवा असे दोन रिटर्न जॅक आहेत. तिथून आत शिरलं की जेसीचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प बाजूला ठेवता येतो आणि दोन्ही पॉवर अ‍ॅम्प आपल्या हाती येतात. मी गिटारचा सिग्नल स्प्लिटरने दुभागतो. डावीकडे 12एएक्स7 व्हॉल्व्हचा, जुन्या अमेरिकन वळणाचा प्रीअ‍ॅम्प: मधला पट्टा थोडा पोकळ, वरचे सूर लखलखीत. उजवीकडे ट्रान्झिस्टरचा, मधला पट्टा शाबूत ठेवणारा. दोन्हीकडे एकसारखाच आवाज सोडला तर तो बरोबर मध्ये येऊन बसतो आणि दोन स्पीकर असून नसल्यासारखे. दोघांच्या स्वभावात फरक असला की तीच कॉर्ड दोन्ही बाजूंना उलगडते.

पहिल्या संध्याकाळी मात्र वाट लागली. आधी ‘घूंऽऽ’ असा हम. दोन्ही प्रीअ‍ॅम्पचं अर्थिंग केबलमधून एकमेकांना जोडलं जाऊन वेटोळं झालं होतं. ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर लावल्यावर तो थांबला. मग लक्षात आलं की जाड तारांचा खर्जच गायब. एकेक बाजू ऐकली तर धष्टपुष्ट, दोन्ही एकत्र ऐकल्या तर कागदी. व्हॉल्व्हची प्रत्येक नेहमीची पायरी सिग्नल उलटा करते. डावीकडे अशा पायऱ्यांची संख्या विषम असली तर डावा स्पीकर पुढे सरकतो त्याच क्षणी उजवा मागे जातो, आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. सभागृहात तर दोन्ही स्पीकरसमोरचे मायक्रोफोन पुष्कळदा मिक्सरवर मोनोमध्येच एकत्र येतात. तिथे हे ऐन कार्यक्रमात उघडं पडलं असतं.

आता मी कार्यक्रमाआधी एकच गोष्ट न चुकता करतो. सहावी तार मोकळी छेडायची, तळहात अ‍ॅम्पच्या वरच्या फळीवर ठेवायचा आणि स्प्लिटरवरचा, सिग्नल उलटवणारा पोलॅरिटीचा खटका इकडून तिकडे करायचा. एका बाजूला फळी गप्प असते. दुसऱ्या बाजूला ती हाताखाली थरथरते. खटका तिथेच सोडायचा आणि वरून टेप चिकटवायची.